माळावरचे सरपण

लातूरहून नांदेडकडे निघालेली एस.टी. चाकूर आणि शिरूर ताजबंद मागे टाकते, की थोड्याच वेळात अहमदपूर येते. हा बालाघाटच्या पठाराचा भाग. सखल शिवारात काळी माती आणि तिच्यात सोयाबीन, तूर. चढावर मात्र उघडा मुरमाड माळ. मार्च महिन्यात तुरी निघालेल्या असतात. बांधावर तुराट्यांचे भारे दिसतात आणि नजर पार क्षितिजापर्यंत जाते, कारण तिला अडवायला झाडच नसते. लातूर जिल्ह्यात जंगल एकूण जमिनीच्या एक टक्काही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

अशा या मुलखात आमच्या नात्यातल्या एका काकांचा आखाडा आहे. फाट्यावर उतरून तासभर चालावे लागते. गावाची काळी रानं संपली आणि गायरानाचा माळ लागला, की दूरवर एक हिरवा ठिपका दिसतो. तीन एकरांच्या त्या तुकड्यावर चाळीसेक कडुनिंब, ओढ्याच्या अंगाला बाभळींची रांग, दोन चिंचा, खोपीजवळ शेवगा आणि सीताफळ. चहूकडे फुफाटा, आणि इथे मात्र होल्यांचे घुमणे ऐकू येते.

"जय भीम. आलास का? सावलीला बस," असे म्हणत काका पुढे आले. हातात कुऱ्हाड होती.

हा तुकडा त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात कसायला घेतला. तेव्हा इथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हते. एका साली उभ्या ज्वारीत रातोरात जनावरे सोडली गेली. दुसऱ्या साली पुन्हा तेच. तेव्हा म्हातारा म्हणाला, "ज्वारी एका रातीत जाती. झाड लावू. झाड उपटायला दिवसा यावं लागतंय." तिथून या झाडांची सुरुवात झाली.

झाडे लावण्याची त्यांची रीत साधी आहे. वैशाखात पहारीने मुरूम फोडून दोन हात खोल खड्डे घ्यायचे आणि ते उन्हात तापू द्यायचे. मग तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि ओढ्याकाठची माती. मृगाचा चांगला पाऊस पडून ओल खाली उतरली की रोप लावायचे आणि भोवती बोराटीचे फास घालायचे, नाहीतर शेळ्या एकही पान ठेवत नाहीत. पहिले दोन उन्हाळे रोपाशेजारी मडके पुरायचे. मडक्याच्या बुडाला बारीक छिद्र, त्यात चिंधीची वात. आठवड्यातून एकदा भरले तरी रोप तगते. बाभळीचे बी मात्र काकू विकत आणत नाहीत. शेळ्या शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते. काकू शेळ्यांच्या गोठ्यातली झाडलोटच बांधावर टाकतात. बाभळीच्या सावलीत पीक नीट येत नाही, म्हणून ती रांग फक्त ओढ्याच्या अंगाला.

दुपारी सरपण फोडायचे काम निघाले. काका मूळ झाड तोडत नाहीत. माघ महिन्यात फांद्या छाटतात. कडुनिंब आणि सुबाभूळ छाटल्यावर पुन्हा जोमाने फुटतात. बाभळीचे तसे नाही. ती बुंध्यातून तोडली की बहुधा गेलीच, म्हणून तिच्या फक्त आडव्या फांद्या घ्यायच्या. बाभळीचे जळण सगळ्यांत चांगले. निखारा टिकतो, भाकरी नीट फुगते. सुबाभूळ भरभर जळते. तुराट्या पेटवणाला.

मीही कुऱ्हाड घेतली. पहिलाच घाव गाठीवर बसला आणि पाते रुतून राहिले. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "गाठीला मारू नको, बाळा. टोकाची चीर बघ. लाकूडच सांगतंय कुठं फुटायचं ते." खरेच, ओंडक्याच्या तोंडावर बारीक चिरा दिसत होत्या. त्यांच्यावर घाव घातला तर बेताच्या जोरानेही ओंडका दुभंगला. फार जाड असेल तर चिरेत लोखंडी पाचर ठोकायची. ओंडका जमिनीवर ठेवून फोडायचा नाही, खाली दुसरा ठोकळा घ्यायचा. नाहीतर घाव चुकला की पाते दगडावर जाते किंवा पायावर येते.

फोडलेले लाकूड लगेच चुलीत घालायचे नसते. ताज्या लाकडात पाणी भरपूर असते. चुलीतला बराच जाळ ते पाणी आटवण्यातच जातो, आणि उरतो तो धूर. तो बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. माघात तोडलेले मृगापर्यंत चार महिने उन्हात वाळते. दोन लाकडे एकमेकांवर आपटली आणि खणखणीत वाजली, तर वाळली. दबका आवाज आला, तर अजून ओली. काकूंना उज्ज्वला योजनेतून गॅस मिळालेला आहे. पण सिलिंडर भरून आणायला पैसे असतील त्या महिन्यात चहा-भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच.

सरपणाची रास काकांनी खोपीपासून चांगली तीस पावले लांब रचली होती. खाली दगड, वर पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. मी सहज विचारले, "इतक्या लांब कशाला? पावसात काकूंना आणायला त्रास होत असेल."

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर साली मी बारा वर्साचा होतो. आमचं सरपण घराच्या भिंतीलाच लावलेलं होतं."

१९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्या घराला वेगळी आग लावावी लागली नाही. भिंतीला लावलेली रास पेटवली, तेवढ्यात सगळे गेले. तेव्हापासून या घराण्यात सरपण घराला टेकवत नाहीत. तसेही लांबच ठेवणे शहाणपणाचे. राशीत विंचू-सापाचा वास असतो आणि चुलीची ठिणगी कधी उडेल ते सांगता येत नाही.

मी त्या कुऱ्हाडीकडे पाहत राहिलो. आपल्या आज्या-पणज्यांनी लाकडे थोडी का फोडली? गावकीच्या कामांत वाड्यावरचे सरपण फोडणे हे एक काम होतेच, आणि मोबदला म्हणजे शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचे बिल मांडले, ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. अहमदपूर तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. तो कायदा झाला असता तरी इथवर पोचला नसता, पण वेठ इथेही तीच होती. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. मुख्य मागणी होती : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. आज काका आपल्या झाडाचे लाकूड आपल्या चुलीसाठी फोडतात. कुऱ्हाड तीच, घाम तोच. मात्र राबणे आता स्वतःसाठी आहे.

खोपीच्या एका अंगाला अवजारांची जागा आहे. कुदळ, टिकाव, फावडे, विळे, खुरपी, सगळे खुंट्यांवर टांगलेले. जमिनीला काही टेकत नाही. पावसाळ्यानंतर प्रत्येक लोखंड घासून त्यावर जळक्या ऑईलचा हात फिरवतात, म्हणजे गंज धरत नाही. उन्हाळ्यात दांडे आकसतात आणि कुऱ्हाड दांड्यात खेळू लागते. ती निसटून कोणाला लागण्याआधी पाचर मारून घट्ट करायची. खताची पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. फवारणीचा पंप आणि औषधे वेगळ्या पेटीत, कुलूप लावून, नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते काका विसरलेले नाहीत.

"माझ्या बाला अवजार ठेवायला जागा नव्हती," काका म्हणाले. "खुरपं कमरेला, कुदळ खांद्याला. दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि घेऊन घरला यायचं."

त्याच खुंट्यांच्या वर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनाम्याच्या नकला आणि अर्जांच्या पोचा आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. काकांचा अर्ज तेव्हापासून फिरतो आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढायला सांगितल्यावर गावोगाव नोटिसा आल्या. ते दोन महिने काकू रात्री झोपल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. म्हणून कागद जपायचा. गाव नमुना १-ई मध्ये आपली नोंद आहे का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहायचे आणि नक्कल घ्यायची. ज्यांना २००४ पासूनच्या दादासाहेब गायकवाड योजनेत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन मिळाली आहे, त्यांनी सातबाऱ्यावर झाडांचीही नोंद करून घ्यावी. चिंच, आंबा, साग, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती परवानगीवाचून तोडू नयेत. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत, पण जमीन अजून आपल्या नावावर नसेल तर कोणत्याही झाडाला हात लावण्याआधी विचारलेले बरे.

संध्याकाळी निघताना काकूंनी बाभळीच्या वाळलेल्या लाकडांची एक मोळी बांधून पुढे केली. एस.टी.त ही कशी नेऊ, असे म्हणून मी हसत नाही म्हटले. तेव्हा त्यांनी मूठभर निंबोण्या रुमालात बांधून दिल्या आणि बजावले, "ह्या मागच्या सालच्या. ह्या उगवणार नाहीत. लेकरांना दाखवायला ने. ताज्या हव्या असतील तर आषाढात ये, तेव्हा झाडाखाली सडा पडतो. लगेच लावायच्या."

आषाढाला अजून वेळ आहे. ज्यांच्याकडे गुंठाभर का होईना जागा आहे, त्यांनी खड्डे आत्ताच घ्यावेत आणि कागदांची पेटी एकदा उघडून पाहावी. मी आषाढात पुन्हा अहमदपूरला जाणार आहे.