सर्वात लांबचा स्प्रिंकलर

जेसल पार्कातली आमची चार मजल्यांची इमारत गेली आणि तिच्या जागी 22 मजल्यांचा टॉवर आला. जुन्या इमारतीत आग लागली तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं: गॅस बंद करा, शेजाऱ्यांची दारं वाजवा, जिना उतरा. टॉवरमध्ये हे गणित बदलतं. एकोणिसाव्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दोन मजलेही उतरू देत नाहीत. त्यांच्यासाठी आग जिथे लागेल तिथेच दबली पाहिजे. ते काम छतातल्या स्प्रिंकलरचं.

बिल्डरने सोसायटीकडे ताबा देताना कागदांचा गठ्ठा दिला. त्यातली फायरची ड्रॉइंग्ज कमिटीने माझ्याकडे सरकवली. मी सॉफ्टवेअरवाला. पण आपल्याकडे पोरगं इंजिनीअर झालं की रिमोटपासून लिफ्टपर्यंत सगळं त्याच्या खात्यात जातं. मी तीन रविवार ती ड्रॉइंग्ज घेऊन इमारतभर फिरलो.

आधी एक गैरसमज काढू. सिनेमात एक काडी पेटते आणि अख्ख्या ऑफिसात पाऊस पडतो. नेहमीच्या स्प्रिंकलरचं तसं नसतं. प्रत्येकाच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते, आत द्रव. लाल रंगाची नळी साधारण 68 अंशांना फुटते आणि फक्त तोच स्प्रिंकलर सुरू होतो. खालच्या चकतीवर पाणी आपटून छत्रीसारखं पसरतं. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींचा: गरम हवा नळीपर्यंत वेळेत पोहोचली पाहिजे आणि पाण्याची छत्री पूर्ण उघडली पाहिजे.

आमच्या पार्किंगमध्ये ही छत्री उघडतच नव्हती. ड्रॉइंगवर स्प्रिंकलर छान सारख्या अंतरावर होते. प्रत्यक्षात त्यातले काही बीमला इतके चिकटून होते की पाणी बीमवर आपटून तिथेच गळालं असतं, पलीकडचा भाग कोरडा. कारण सोपं होतं. स्प्रिंकलरची मांडणी आर्किटेक्टच्या नकाशावर केली होती, त्यात छत सपाट दिसतं. बीम स्ट्रक्चरच्या नकाशात. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिलेच नव्हते. दोन टीमनी आपापलं काम बरोबर केलं आणि चूक मधल्या फटीत राहिली. माझ्या धंद्यात हे रोज होतं. फरक इतकाच की आमचा बग तासाभरात कुणीतरी शिव्या देऊन कळवतो. इथे यंत्रणा वर्षानुवर्षं काहीच करत नाही आणि तिचा पहिला खरा वापर आगीच्या दिवशी होतो.

दुसरा दोष नंतर जन्मलेला. गाड्या जास्त झाल्या म्हणून दोनमजली स्टॅक पार्किंग बसवलं. छतातला स्प्रिंकलर वरच्या गाडीला आंघोळ घालणार, खालची गाडी तिच्या सावलीत जळत राहणार. अशा मांडणीत खालच्या पातळीलाही स्प्रिंकलर लागतात. मूळ नकाशा त्याच्या काळात बरोबर होता. बदललं होतं पार्किंग.

तिसरा प्रकार घराघरांत. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये ‘दिसायला बरं नाही’ म्हणून स्प्रिंकलर वर झाकून टाकलेला. कुठे बेडरूमच्या दोन खोल्या केल्या आणि दोन्ही स्प्रिंकलर एकाच खोलीत गेले. एका घरात त्यावर रंगाचा हात मारलेला. रंग चढला की नळी उशिरा फुटते किंवा चकतीला अडथळा येतो. तो खरवडायचा नसतो, स्प्रिंकलरच बदलायचा असतो.

यावर सगळ्यांना सुचतो तो उपाय म्हणजे, ‘मग अजून दोन लावा की!’ तसं एकदा झालंही होतं. जिम वाढवताना जुन्याच बारीक पाइपला आणखी दोन स्प्रिंकलर जोडले होते. म्हणून थोडं गणित. पार्किंगसारख्या जागी एका स्प्रिंकलरकडे जास्तीत जास्त 12 चौरस मीटर जागा असते आणि तिथे मिनिटाला 5 मिलिमीटर पाणी पडावं असं धरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. या वेगाने तेवढं पाणी सव्वातीन तासांच्या आत पडेल. म्हणजे एका स्प्रिंकलरला मिनिटाला 60 लिटर हवेत. नेहमीचा स्प्रिंकलर 1 बार दाबाला 80 लिटर देतो, पाव बारला फक्त 40. आणि पाइपमधून दुप्पट पाणी वाहू लागलं की घर्षणाने होणारी दाबाची घट साडेतीन पटींहून जास्त होते. वर चढतानाही दर 10 मीटरला साधारण 1 बार जातो. बारीक पाइपला आणखी दोन जोडले की नवे दोन अर्धपोटी राहतात आणि जुन्यांचंही पाणी तोडतात.

म्हणून या विषयातला खरा प्रश्न ‘स्प्रिंकलर किती आहेत?’ हा नाही. पाण्याच्या वाटेवर जो सर्वात लांब, सर्वात अडचणीत आहे, त्याला किती दाब मिळतो, हा आहे. त्याला पुरलं तर बाकीच्यांना पुरतंच.

दाब चुकला की काय होतं याचा धडा फिलाडेल्फियात मिळाला. 23 फेब्रुवारी 1991 ला वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत 22 व्या मजल्यावर आग लागली. होजच्या लाइनवरचे दाब कमी करणारे वाल्व्ह चुकीचे सेट केलेले होते, जवानांना वर पुरेसा दाबच मिळाला नाही. तिघे जवान गेले. शेवटी दलाला इमारतीतून माघार घ्यावी लागली. आग मजल्यामागून मजला चढत गेली आणि 30 व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते. दहा सुरू झाले, तेवढे पुरले.

मी हे सगळं मांडल्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, “अरे बाळा, ओसी आहे, फायरची एनओसी आहे, फॉर्म बी भरलाय. अजून काय पाहिजे?” प्रश्न रास्त होता. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो. पण तो सांगतो की बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे. आजच्या भिंती, आजचं सीलिंग, आजचं पार्किंग यांना ती मांडणी अजून लागू पडते का, हे तो सांगत नाही. आणि त्याच कायद्याने यंत्रणा नीट ठेवण्याची जबाबदारी मालक आणि वापरणाऱ्यांवर, म्हणजे आता आपल्यावर आहे.

सभा अडीच तास चालली. एकाने तर विचारलं, मेमध्ये पाणीकपात असते तेव्हा फायर टाकीतलं पाणी वापरलं तर? भाईंदरकराला हा प्रश्न पडणारच. पण त्या टाकीवरच तर सगळं गणित उभं आहे. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. आधी जसं आहे तसं नवं ड्रॉइंग, बीमसकट. मग परवानाधारक एजन्सीकडून नव्याने हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन, आणि त्यानंतरच पाइपला हात. यापुढे कुणीही सीलिंग किंवा भिंत बदलली तर काम सुरू होण्याआधी स्प्रिंकलरची जागा तपासायची.

बीमजवळचे स्प्रिंकलर आता हलवलेत. जिमचा पाइप मोठा झाला. 22 व्या मजल्याच्या टोकाला टेस्ट वाल्व्ह आहे. तो उघडून पाणी वाहत असताना गेजवर दिसणारा आकडा आता सोसायटीच्या वहीत फॉर्म बीशेजारी लिहिला जातो. आजींनी तो आकडा मला दोनदा विचारून घेतला.

स्टॅक पार्किंगचं मात्र अडलंय. खालच्या पातळीला लाइन टाकायचा खर्च बिल्डरने द्यायचा की आपण, हे ठरत नाही. तोवर वरच्या पाट्या रिकाम्या ठेवायच्या असा ठराव झाला. त्यामुळे सात गाड्या रस्त्यावर उभ्या असतात आणि त्यांचे मालक मला लिफ्टमध्ये ओळख देत नाहीत.