नाकापेक्षा मोती जड

मागच्या रविवारी नातू (मुलीचा मुलगा) कल्याणहून आला. चहा झाला, चकल्या झाल्या, तरी स्वारी उठेना. तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे!

"आजोबा, नोकरी सोडतोय. लग्नांचं, कार्यक्रमांचं व्हिडिओ शूटिंग आता पूर्णवेळ करणार. कॅमेऱ्याला थोडे पैसे हवे होते."

थोडे म्हणजे तीन लाख. माझी मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपतेय, हे त्याला आईनेच सांगितलं असणार. असो.

म्हटलं, यादी दाखव. यादीत दोनच ओळी. अडीच लाखांची कॅमेरा बॉडी आणि उरलेल्यात एक लेन्स.

"आणि माईक?"

"कॅमेऱ्यात असतो की."

मी काही बोललो नाही. त्याच्या आईच्या लग्नाची १९९४ सालची फिल्म संगणकावर लावली. मूळची व्हीएचएस कॅसेट, बुरशी लागायच्या आत डीव्हीडीवर करून घेतलेली. हिने लेकीसाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती, दोन महिने घोकत होती. चित्र चांगलं आहे. हिचे ओठ हलताना दिसतात. ऐकू येते ती पंख्यांची घरघर, आणि कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या बायकांची जिलबीवरची चर्चा. कॅमेरा पंधरा हात लांब, माईक त्याच्याच तोंडाशी. दुसरं काय होणार?

ही जाऊन नऊ वर्षं झाली. नातू बराच वेळ गप्प होता.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. मला कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण प्रश्न विचारण्यात जन्म गेला. ऐन मुहूर्ताला मेमरी कार्ड बिघडलं तर? लग्न काही पुन्हा लागत नाही. म्हणजे एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा हवा. मे महिन्यात, एसी नसलेल्या कार्यालयात तासभर सलग चालेल? त्यानेच कबूल केलं, की काही छोटे कॅमेरे फोर-के करताना तापून बंद पडतात. कार्यालयातल्या मिणमिणत्या उजेडाचं काय? तिथे बॉडीपेक्षा जास्त उजेड घेणारी लेन्स उपयोगी. डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेत, फडके रोडच्या गर्दीत तिपाई कुठे मांडणार? तिथे एकपायी स्टँड बरा. आणि हे सगळं पाठीवर घेऊन ठाण्याच्या कार्यक्रमाला जायचं ते लोकलनेच ना?

दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा तर घेतलाच, पण फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. त्या काळी कोरी फिल्म बिनभोकांची येई. ते यंत्र नसतं, तर कॅमेरा शोभेला ठेवावा लागला असता. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' पाहताना त्या यंत्राची आठवण कुणाला येते? पण मालकाला ती असावी लागते.

शेवटी बॉडी आली दीड लाखावर. उरलेल्यात उजळ लेन्स, दोन वायरलेस कॉलर माईक, हेडफोन, तिपाई, चार बॅटऱ्या, कार्डं. दुसरा कॅमेरा लागेल तेव्हा भाड्याने. ठेव मोडायची वेळ आली नाही. मुदत संपल्यावर आम्ही दोघं फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन खरेदी करून आलो.

घरी येताच त्याने माझ्या सदऱ्याला माईक लावला. "आजोबा, काहीतरी बोला." चाळीस वर्षं वर्गात बोलणारा मी, पण काही सुचेना! मग हिचं पहिलं मंगलाष्टक म्हटलं. पाठच आहे, दोन महिने ऐकत होतो ना.

त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. शब्द न् शब्द स्वच्छ आला होता. आवाज मात्र माझा, भसाडा. पण निदान मुलीला ऐकवता आलं, आईने काय लिहिलं होतं ते.