संस्था कोणती, मॅडम?

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला एचआर घेतलेली मुलं वर्गात येतात तेव्हा त्यांच्याकडे शब्दांची कमतरता नसते. टॅलेंट, एंगेजमेंट, रिटेन्शन, कल्चर. मी त्यांच्या हातात एका कंत्राटी कामगाराची पगारपावती देते, नाव झाकलेली, आणि वाचायला सांगते. पीएफ 12 टक्के कापलाय, पण कशाचे 12 टक्के? ईएसआय 0.75 टक्के. व्यवसाय कर दरमहा 200 रुपये, मग फेब्रुवारीत 300 का? मूळ पगाराचा आकडा एवढासा आणि खाली भत्त्यांची रांग. ही रांग कशासाठी, हे मुलांना उमगायला अर्धा तास लागतो. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबात धरलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी सांगितलं. हा निकाल फळ्यावर लिहिला की कुणीतरी आपणहून कॅल्क्युलेटर काढतं आणि या माणसाच्या खात्यात दरमहा किती कमी पडले ते मोजतं. मला तो तास फार प्रिय आहे. एचआर शिकवायचं तर ते इथूनच सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ती पावती माझ्याकडे आली चाकणहून.

माझ्याकडे पीएचडीला असलेला एक मुलगा कंत्राटी कामगारांच्या बांधिलकीवर काम करत होता. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातला, त्याचे दोन चुलतभाऊ चाकणलाच लाइनवर. आमच्या विषयात बांधिलकी मोजायची तर जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांची प्रश्नावली घेतात. माणूस संस्थेत आपलेपणानं राहतो, सोडणं परवडत नाही म्हणून राहतो, की कर्तव्य म्हणून, अशी तिची तीन अंगं. मराठी विधानं तयार केली, तपासून घेतली, आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यानं परवानगी दिली. एचआरच्या अधिकाऱ्यानंच कॅन्टीनमध्ये फॉर्म वाटले आणि तासाभरात गोळाही करून दिले. आकडेवारी देखणी निघाली. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांचा आपसातला मेळ, उत्तम. कामगार संस्थेशी घट्ट बांधलेले.

मुलाला मात्र राहवेना. तो म्हणाला, "मॅडम, माझा भाऊ याच्यात आहे. तो असं बोलत नाही."

मग आम्ही गेटच्या बाहेर विचारायचं ठरवलं. चाकणजवळच्या मेदनकरवाडीत पोरं खोल्या करून राहतात. एका खोलीत सहाजण, त्यातले तिघं रात्रपाळीचे, म्हणून गाद्या कधी गुंडाळल्याच जात नाहीत. कोपऱ्यात गॅस, खिळ्याला कंपनीचे टी-शर्ट. फॉर्ममधलं पहिलं विधान वाचल्यावर एकानं विचारलं, "संस्था कोणती, मॅडम? कंपनी का ठेकेदार?"

या प्रश्नाला त्या प्रश्नावलीत जागाच नव्हती. माणसाला एकच मालक असतो, हे तिनं गृहीत धरलेलं. त्या पोरानं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि गादीवर पाच ओळखपत्रं मांडली. पाचांवर ठेकेदाराचं नाव वेगळं, फोटो मात्र त्याचाच, दर वेळी थोडा मोठा झालेला. कारखाना तोच, लाइन तीच, सुपरवायझरही तोच. सात महिने भरले की ब्रेक, मग नव्या ठेकेदाराकडून पुन्हा आत.

सात महिनेच का, हे आमच्या मुलांना पाठ असतं. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 240 दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली जाई; सात महिन्यांत ते भरत नाहीत. शिवाय महाराष्ट्राच्या 1971च्या कायद्यानं, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेंपररी ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. परीक्षेत हे कलम मुलं अचूक लिहितात. त्या गादीवर ते पाच कार्डांच्या रूपात पडलेलं होतं.

ठेकेदार की कंपनी, हे बाजूला ठेवून माझ्या विद्यार्थ्यानं साधं विचारलं, "काम सोडायचं म्हटलं तर जीव कशात अडकतो?" उत्तरं भराभर आली. लाइनवरचा जोडीदार, ज्यानं पहिल्या महिन्यात टार्गेट सांभाळून घेतलं. गावाकडचा तो, ज्यानं गेटवर नाव लावून दिलं. खोलीतली ही पाच जणं. कंपनीचं नाव कुणीही घेतलं नाही, ठेकेदाराचंही नाही. प्रबंधाचा सगळा कणा इथून उभा राहिला: बांधिलकी आहे, चांगली चिवट आहे, पण ती लाइनशी आणि खोलीशी आहे.

आमच्या पाठ्यपुस्तकात हॉथॉर्न असतंच. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, 1924 ते 1932, एल्टन मेयो. मुलांच्या लक्षात राहतो तो दिव्यांचा उजेड कमी-जास्त केल्याचा प्रयोग. पण तिथे वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या, आणि ठरलेले प्रश्न बाजूला ठेवून माणसाला त्याच्या मनातलं बोलू द्यायचं हे मुलाखत घेणारे तिथंच शिकले, हा भाग दोन ओळींत उरकला जातो. मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

प्रबंध सोपा गेला नाही. सॅम्पल किती, मॉडेल कुठे आहे, हे प्रश्न आले. मुलानं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली: तीच माणसं, कॅन्टीनमध्ये काय म्हणाली आणि खोलीत काय म्हणाली. बाहेरून आलेले परीक्षक ते पान बराच वेळ वाचत होते आणि मग त्यांनी फक्त खोलीबद्दलच विचारलं.

विभागात यावरून वाद आहे. काही सहकाऱ्यांना वाटतं, मुलं गेटबाहेर असं विचारत फिरली तर कंपन्या इंटर्नशिप देणार नाहीत. ही काळजी खरी आहे, मुलांच्या नोकरीचा प्रश्न आहे. तरीही जो उद्या पंधराशे माणसांची हजेरी सांभाळणार, त्यानं त्यातल्या एकाची तरी खोली पाहिलेली असावी, यावरून मी मागे हटणार नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि माझ्या निम्म्या टिपणांना नव्यानं हात घालावा लागला. पगाराची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. यंदाच्या मुलांना मी एवढंच शोधायला सांगितलंय: पत्र हातात आलं का, त्यावर कुणाचं नाव आहे, आणि नव्या पावतीतली भत्त्यांची रांग आखूड झाली का. चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून वेळापत्रकात गुरुवार मोकळा मागून घेतलाय.