उंबऱ्याआतलं पाणी

सॅनिच ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची, व्हँकुव्हर बेटाच्या आग्नेय टोकाजवळची अरुंद खाडी. हिमनदीने कोरलेली, त्यामुळे आत सव्वादोनशे मीटरपर्यंत खोल. तोंडाशी मात्र तळ वर चढत जेमतेम ७५ मीटरवर येतो. या उंबऱ्यावरून समुद्राचे पाणी ये-जा करते, उंबऱ्याखालचे आत कोंडून राहते. वसंतात वरच्या थरात डायटम फोफावतात, मरून खाली बसतात, आणि ते कुजवताना जीवाणू तळपाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मग तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात बाहेरचे जड, ऑक्सिजन असलेले पाणी उंबरा ओलांडून आत उतरते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

सूक्ष्मजीवांच्या समूहाचे आनुवंशिकशास्त्र अभ्यासणाऱ्याला असेच ठिकाण हवे असते: परिस्थिती बदलते, पण परत त्याच वळणावर येते. खुल्या समुद्रात आज भरलेले पाणी उद्या कुठे गेले असेल ते सांगता येत नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन हॅलम यांच्या गटाने २००६पासून या खाडीचे नमुने वर्षानुवर्षे, त्याच जागेवरून आणि ठरलेल्या खोल्यांवरून घेतले. या कामाचे मोल बुद्धीइतकेच चिकाटीचे आहे.

प्रस्तुत लेखिका विद्यार्थिदशेत अशा एका फेरीवर होती. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळकांड्या तारेवरून सोडतात आणि हव्या त्या खोलीवर त्यांची झाकणे बंद करतात. वर आल्यावर पहिले पाणी ऑक्सिजन मोजण्यासाठी, कारण हवा लागली की तो आकडा बिघडलाच. २०० मीटरच्या नळकांडीची तोटी उघडली आणि डेकवर सडक्या अंड्यांचा वास पसरला. त्या पाण्याला चिठ्ठीची गरजच नव्हती. नंतर लिटरच्या लिटर पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरमधून ओढायचे. तासन्‌तास पंप घरघरतो, बोटे बधिर होतात. फिल्टरवर अडकतात त्या पेशी. त्या उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवायच्या.

इथेच लेखिकेच्या हातून चूक झाली. नळ्यांवरची नावे साध्या मार्करने लिहिली होती आणि हातमोज्यांवरच्या अल्कोहोलने त्यांतली दोन पुसली गेली. एक १०० मीटरची, एक २०० मीटरची. डीएनए वाचला असता तर कोणती कुठली हे लगेच कळले असते. तरी दोन्ही टाकून द्याव्या लागल्या, कारण जे शोधायचे आहे त्याच्याच आधारे नमुन्याला नाव देता येत नाही. शिकवणी महागाची, पण रास्त.

समुद्रातले बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत, म्हणून पाण्यातला सगळा डीएनए एकत्रच काढून वाचतात. या पद्धतीला मेटाजीनोमिक्स म्हणतात. सॅनिचमधल्या एसयूपी-०५ या जीवाणूचा जनुकसंच असाच जुळवून २००९मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. खोल समुद्रातल्या काही शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहणाऱ्या जीवाणूंचा हा जवळचा नातलग. तो सल्फाइड जाळून ऊर्जा मिळवतो, त्यासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतो आणि कार्बन डायऑक्साइडपासून आपले अन्न तयार करतो. त्या जनुकसंचात नायट्रस ऑक्साइडचे पुढे नायट्रोजन करणारे जनुक सापडले नाही. म्हणजे नायट्रेटपासून सुरू होणारी साखळी नायट्रस ऑक्साइडवर थांबते, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट ताप धरतो.

पण असा जुळवलेला जनुकसंच ही एक सोयीची कल्पना असते. असंख्य पेशींचे तुकडे जोडून तो होतो. प्रत्येक जागी बहुमताचे अक्षर घेतले जाते, आणि तंतोतंत तसा जनुकसंच असलेली एकही पेशी पाण्यात नसू शकते. जनगणनेतल्या सरासरी कुटुंबात साडेचार माणसे निघावीत, तसेच. समूहाचा अभ्यास सुरू होतो तो हे बहुमत मोडून: एखाद्या जागी किती वाचनांत ‘ए’ आणि किती वाचनांत ‘जी’, हे प्रमाण खोलीनुसार आणि महिन्यानुसार कसे सरकते ते पाहायचे. एकाच वाणाने सगळ्यांना मागे टाकले तर जनुकसंचभर वैविध्य एकदम घटते. जनुकांची आपसात देवाणघेवाण होत असेल, तर एका जनुकापुरतेच घटते आणि बाकी सारे तसेच राहते.

दूरदूरची अक्षरे एकाच पेशीत आहेत का, हे तुकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी पेशी एकेक वेगळी करून तिचा डीएनए वाढवतात. सॅनिचच्या १२७ एसयूपी-०५ पेशी अशा वाचल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश पेशींत विषाणूंची लागण आढळली. हे २०१४मध्ये ‘ईलाइफ’मध्ये आले. पेशींच्या मरण्याचा मोठा हिशेब मग विषाणूंच्या खात्यावर मांडावा लागतो.

सॅनिचप्रमाणे गोव्याच्या किनाऱ्यालगतही पावसाळ्याच्या शेवटी तळपाण्यातला ऑक्सिजन संपतो, सल्फाइड साचतो. तिथे उंबरा नाही: खालून वर येणाऱ्या, आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या पाण्यावर दीर्घकाळ नजर ठेवून आहे.