माळ्यावरची बाटली

गेल्या रविवारी चिंचवडला मामाकडे गेलो होतो. मामीने नेमका माळा आवरायला काढलेला, मी आयताच सापडलो! जुने डबे, बंद पडलेला रेडिओ... आणि त्यांच्यामागे काचेची एक बाटली. तळाशी बोटभर पिवळसर तेल.

"अरे, हे ट्रान्सफॉर्मरचं तेल," मामा खूश होऊन म्हणाला. "आईच्या गुडघ्यांना लावायचो."

मामा भोसरीत एका कंपनीत मेंटेनन्सला होता. ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळून घ्यायचं काम निघालं की बाटलीभर घरी यायचं. सांधेदुखीवर रामबाण, असं अख्ख्या शॉपचं मत. आजीचे गुडघे त्या तेलाने मीही चोळलेत, सहावी-सातवीत असताना.

आता, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पी.सी.बी. म्हटलं की प्रिंटेड सर्किट बोर्ड आठवतो. हे पी.सी.बी. वेगळं : पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. सहजी पेटत नाही, खराब होत नाही, म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरांत 'अ‍ॅस्करेल' नावाने भरायचे. हा टिकाऊपणाच नडला. अंगात शिरलं की चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम. जपानात १९६८ साली खाण्याच्या तेलात ते मिसळलं गेलं आणि हजारो लोक आजारी पडले. आपल्याकडे केंद्राचा आदेश एप्रिल २०१६ मध्ये निघाला : उत्पादन आणि आयात बंद, वापरही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवायचा.

"आमचा साध्या तेलाचा होता रे," मामा म्हणाला. साधं म्हणजे मिनरल ऑइल. त्यात पी.सी.बी. नसतं. म्हणजे, नसायला हवं.

"पण गाळायचं मशीन कुणाचं?"

"कॉन्ट्रॅक्टरचं. आमचं झालं की पुढच्या कंपनीत."

गोम इथेच आहे. ते मशीन आधी अ‍ॅस्करेलच्या ट्रान्सफॉर्मरला लावलं असेल, तर पाइपांत उरलेलं पुढच्याच्या तेलात जातं. पेनड्राइव्हमधून व्हायरस पसरतो ना, अगदी तसंच. म्हणून नुसती नेमप्लेट वाचून भागत नाही, तेल तपासावं लागतं. दहा लाख भागांत ५० भाग, ही सर्वसाधारण सीमा.

"पाण्यात टाकून बघू," मामा म्हणाला. "तरंगलं तर साधं." अ‍ॅस्करेल पाण्याहून जड, हे त्याचं बरोबर होतं. पण इतकी कमी भेसळ असलेलं तेलही मजेत तरंगतं. त्याला लॅबच हवी.

आणि तो ट्रान्सफॉर्मर? लिलावात गेला म्हणे, तेलासकट. कुठे गेला ते मामाला माहीत नाही. तांब्यासाठी फोडला असणार, आणि तेल एकतर मातीत नाहीतर कुठल्यातरी भट्टीत. पी.सी.बी. नीट नष्ट करायला ११०० अंशांच्या वरची, त्यासाठीच बांधलेली भट्टी लागते. अर्धवट जळलं तर त्यातून डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना आग लागल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं चहा पिता पिता वाचल्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली शेड पाडली. तिथल्या जमिनीत काय काय मुरलं असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

आजी नव्वदीत गेली, झोपेत. तेव्हा तेलावर उगाच आळ घेत नाही.

मामी एव्हाना बाटली मोरीत ओतायला निघाली होती. मी ओरडलोच. बूच घट्ट लावून बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली, वर चिठ्ठी चिकटवली.

मामा बराच वेळ तळहात बघत बसला होता. म्हणाला, "गुडघ्यांचं सोड. ग्रीस निघायचं म्हणून आम्ही रोज हात धुवायचो त्याने. मग डबा उघडायचो."