तात्यांचं देणं

बारामतीत माझी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी चिलापीच्या पैशांतून भरली गेली. चिलापी म्हणजे उजनी धरणाच्या पाण्यातला सगळ्यात स्वस्त मासा. आमचं घर सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यातलं. त्या साली बाजरीसुद्धा हाती लागली नव्हती. उजनीकाठच्या कुंभारगावला वडिलांचे दोस्त राहायचे, भोई समाजातले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांनी बंडीच्या खिशातून मासळीचा वास लागलेल्या नोटा काढल्या आणि वडिलांच्या हातावर ठेवल्या. ना कागद, ना व्याज.

सुट्टीत मी त्यांच्या होडीवर जायचो. पहाटे जाळी उचलायची. धागा कल्ल्यामागे रुतलेला असतो. हिसका द्यायचा नाही, नखाने एकेक फास मोकळा करायचा. चिलापीच्या पाठीचे काटे बोटांत घुसायचे, तात्या हसायचे. ते सांगत, धरण व्हायच्या आधी भीमेत अहेर मिळायचा, सापासारखा लांब. “त्याची अंडी हितं कुणी बघितली नाहीत. त्यो समुद्रातनं येतो, म्हातारपणी समुद्रालाच जातो.” शाळा न पाहिलेल्या माणसाचं हे ज्ञान पुढे प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जसंच्या तसं भेटलं. आमची नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. १९८० साली उजनी पूर्ण झालं. खाली कृष्णेवरही धरणं आहेत. अहेराची वाट बंद झाली.

समुद्राचा आमच्याशी संबंध काय, असं बारामतीत कुणी विचारलं तर मी त्याला कालव्यावर नेतो. नीरा डावा कालवा १८८५चा, त्याला पाणी पुरवणारं भाटघर धरण १९२८चं. आमच्याकडे पाऊस जेमतेम पाचशे मिलीमीटर. बागायतीचा ऊस उभा आहे तो सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसावर, आणि त्या पावसाची वाफ मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. म्हणजे साखर कारखान्याची चिमणीसुद्धा समुद्राच्याच उधारीवर धूर सोडते! पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. पण तापलेला समुद्र पावसाचं वेळापत्रक बिघडवतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे चढउतार आहेत. जिरायतवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: महिनाभर उघडीप, मग एका रात्रीत बांध फुटेपर्यंत पाऊस.

आणि बदल्यात आपण समुद्राला काय पाठवतो? पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, त्यात भीमाकाठच्या उसाचा युरिया मिसळतो. उजनीत शेवाळाचा हिरवा थर धरतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. तात्यांच्या जाळ्यात शेवटी शेवटी बाकी जाती क्वचितच यायच्या. चिलापी तेवढी तग धरून होती.

नोकरी लागल्यावर पैसे घेऊन गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. ते आता नाहीत.

पुण्यातल्या वाचकांना एकच विनंती. नदीकाठ सजवण्याच्या आधी सांडपाणी शुद्ध करण्याचा हट्ट धरा. तेच पाणी इंदापूरपासून सोलापूरपर्यंत माणसं पितात, आणि उरलेलं समुद्राला मिळतं.