‘आपलें घर’ म्हणजे कोणतें?

सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची कथा युरोपांत शतकानुशतकें सांगितली जात आहे. विद्या आणि सुखोपभोग यांच्या मोबदल्यांत आत्मा लिहून देणारा डॉक्टर फाउस्ट १५८७ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापलेल्या एका पुस्तकानें प्रसिद्धीस आला. पुढें इंग्लंडांत मार्लोनें आणि जर्मनींत गटेनें त्याला नाटकांत अमर केलें. परंतु या गंभीर कथेच्या शेजारीं एक धाकटी, मिस्किल कथाहि नांदत आली आहे. तींत माणूस सैतानाला त्याच्याच शब्दांत पकडून सुटतो. स्वित्झर्लंडमधील ऊरी प्रांतांत रॉइस नदीच्या खोल घळीवर पूल बांधून देण्याचें सैतानानें म्हणे कबूल केलें; मात्र पुलावरून प्रथम जो जाईल तो आपला, अशी अट घातली. पूल पुरा होतांच गांवकऱ्यांनीं एक बोकड पुढें हाकलला! चिडलेल्या सैतानानें पूल फोडण्यासाठीं आणलेला म्हणून जो प्रचंड धोंडा तेथें दाखवितात, तो १९७७ सालीं नव्या रस्त्यासाठीं १२७ मीटर बाजूला सरकविण्यांत आला.

आपल्याकडे हें शब्दांचें सामर्थ्य सावित्रीनें दाखविलें. महाभारतांतील यम चार वेळां वर देतो आणि चारहि वेळां ‘याचे प्राण सोडून’ असें बजावतो. पांचव्या वेळीं हा अपवाद त्याच्या तोंडून येत नाहीं, आणि सावित्री नेमकें तेंच मागून घेते. यम सैतान नव्हे. हरल्याचा त्याला आनंदच झाला असावा. पण एक शब्द गळला आणि एक संसार वांचला, हें खरेंच.

या जुन्या विषयाकडे आमचें लक्ष पुन्हां वळलें तें मुलांच्या एका खेळामुळें. १९७४ सालीं अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. आज आमच्या पुण्यांतहि तरुण मंडळी तो आवडीनें खेळतात. यांत सोंगट्या असल्या तरी चालतें, नसल्या तरी चालतें. प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावयाचें, आणि एकानें सूत्रधार होऊन कथा पुढें न्यावयाची. पात्रानें काय करावें हें खेळणारा ठरवितो. तें साधलें कीं फसलें हें पुष्कळदां वीस बाजूंचा फांसा सांगतो. या खेळांतील दुष्ट शक्तींचे दोन मोठे वर्ग आहेत. ‘डीमन’ हे बेबंद, केवळ नाश करणारे. ‘डेव्हिल’ मात्र कायद्याला धरून चालणारे. दुष्ट खरे, पण लिहिलेल्या शब्दाला बांधलेले. त्यामुळें त्यांच्याशीं केलेल्या करारांतून सुटणें ही खेळणाऱ्यांची मोठी हौस असते.

आमची पुतणी आणि तिचे चार स्नेही दर शनिवारीं आमच्या घरीं जमतात. पुतणीचें पात्र एका वनांत वाढलेल्या धनुर्धर मुलीचें आहे. मागच्या पावसाळ्यांत तिचा सोबती विषानें मरणाच्या दारीं पोंचला, तेव्हां एक सैतान कागद घेऊन हजर झाला. तिनें घाईनें सही केली. कागदावर सूत्रधारानें लिहिलेलें वाक्य असें होतें: “सोबती वांचेल, मोहीम संपवून ही आपल्या घरीं परतेल, त्या क्षणीं हिचा आत्मा माझा.”

सोबती वांचला, मोहीम संपत आली, आणि मंडळी पळवाट शोधूं लागली. एक म्हणाला, मोहीम कधींच संपवूं नये. दुसरा म्हणाला, घरच जाळून टाकावें. पण त्या घरीं पात्राची म्हातारी आई वाट पाहत बसलेली होती. तिसऱ्यानें सर्वांत सोपा मार्ग सुचविला: घरीं परतूंच नये. पुतणी म्हणाली, “मग सैतानानें आत्मा नाहीं नेला, पण घर तर नेलेंच कीं!” तिचें म्हणणें आम्हांस पटलें. ज्या सुटकेची किंमत करारा-इतकीच भारी, ती सुटका कसली?

आमच्या मातोश्री, ज्यांना घरांत सर्व माई म्हणतात, कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतां विचारलें, “अरे, तें घर कुणाच्या नांवावर आहे?”

मुलें हसलीं. सूत्रधारानें आपली वही चाळली आणि सांगितलें, “आजी, वडिलांच्या. त्यांच्यामागें भावाच्या.”

“मग तें हिचें घर कसें? कागदांत ‘आपल्या घरीं’ लिहिलें आहे ना? ही जाईल ती भावाच्या घरीं, पाहुणी म्हणून. चार दिवस राहील, आईला भेटेल, परत येईल.”

खोली क्षणभर शांत झाली, आणि मग एकच गिल्ला झाला. पण सूत्रधार चतुर होता. त्यानें नरकांतलें न्यायालय भरविलें. सैतानाच्या वतीनें तो म्हणाला कीं, जेथें ती जन्मली, जेथें तिची आई आहे, तेंच तिचें घर. मुलांनीं उलट सांगितलें कीं, शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. आणि हा कागद सैतानानेंच लिहिला आहे. हें तत्त्व मुलांच्या कल्पनेंतलें नव्हे. न्यायालयें तें खरोखर मानतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचें २९ वें कलम तर असें सांगतें कीं, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाहीं आणि निश्चित करतांहि येत नाहीं, तो रद्दबातल होय.

शेवटीं सूत्रधारानें निर्णय दिला: मुलीनें न्यायासनापुढें उभें राहून स्वतःच्या तोंडानें म्हणावें कीं, ‘तें घर माझें नाहीं’. पुतणी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. खेळांतलें घर, खेळांतली आई. तरी तिचा आवाज बारीक झाला. तिनें तें वाक्य उच्चारलें आणि करार जळून गेला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. माईंनीं वाजविल्या नाहींत.

मंडळी गेल्यावर पुतणीनें विचारलें, “आजी, तुला हें सुचलें कसें?”

“सुचायला काय लागतें, बाळ? मीं तें एकदां लिहून दिलें आहे.”

माईंचें लग्न १९६६ सालीं झालें. १९८१ सालीं त्यांचे वडील वारले. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वडिलांच्या मिळकतींत मुलीचाहि वांटा ठरला होता. म्हणूनच भावांना त्यांची सही लागली. ‘राजीखुशीनें, कोणताहि मोबदला न घेतां’ असें म्हणणारें हक्कसोडपत्र त्यांनीं करून दिलें. भाऊ वाईट नव्हते. दर भाऊबीजेला ओंवाळणी येई, आणि माईंचा मानहि राहिला. पण त्या दिवसापासून माहेरच्या स्वयंपाकघरांत डबा उघडण्यापूर्वीं वहिनीला विचारावें असें त्यांना वाटूं लागलें. वडिलोपार्जित मिळकतींत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं मिळाला. तोंवर माईंच्या माहेरचा वाडा पाडलाहि गेला होता.

हें ऐकतांना आम्हांस आमच्या मेजावरील एका मसुद्याची आठवण झाली. आमचें राहतें घर आमच्या वडिलांनीं स्वकमाईनें बांधलेलें. ते मृत्युपत्र न करतां वारले. म्हणजे माई, आम्ही दोघे भाऊ आणि नागपुरास दिलेली आमची बहीण, अशा चौघांचा त्यावर सारखा हक्क. घर पाडून नवी इमारत उठवावयाची बोलणीं चालूं आहेत. त्यासाठीं एका वकिलानें कागदांचा जुडगा पाठविला होता. त्यांत बहिणीनें करावयाचें हक्कसोडपत्र ‘रिवाजाप्रमाणें’ म्हणून आधींच घातलेलें होतें. शेवटीं एक गोड वाक्यहि होतें: बहिणीचें येणेंजाणें व मानपान पूर्ववत् राहील.

पुतणीनें तो कागद मागून घेतला आणि सैतानाचा करार वाचावा तितक्या बारकाईनें वाचला. “काका, ‘पूर्ववत्’ म्हणजे किती दिवस? कुणाच्या घरीं? तुम्ही नसलांत तर कोण पाळणार?” यांतील एकाहि प्रश्नाला त्या कागदांत उत्तर नव्हतें. तिचे वडील, म्हणजे आमचे बंधु, तेथेंच बसले होते. ते म्हणाले, “ताई मागणार नाहीं काहीं.” त्यावर माई म्हणाल्या, “मागत नाहीं म्हणूनच तर लिहून घेतात.”

त्यानंतर फारशी चर्चा झाली नाहीं. तें पान काढून टाकावें आणि चारहि नांवें घालून नवा मसुदा करावा, असें वकिलास कळविलें. आपल्याला मिळणारी जागा आतां थोडी लहान होईल. बंधूंना तें रुचलेलें नाहीं, आणि तें त्यांनीं लपविलेंहि नाहीं. घरांत दोन दिवस जेवतांना बोलणें कमी झालें. पण कागद गेला.

शब्दांची फट शोधून सुटणारीं माणसें कथेंत गोड वाटतात, कारण तेथें कागद सैतानानें लिहिलेला असतो. घरांतले कागद आपलींच माणसें लिहितात, प्रेमानें लिहितात, आणि त्यांतली फट नेहमीं एकाच बाजूला उघडते. अशा कागदांतून हुशारीनें सुटण्याची पाळी लेकीवर येऊं नये, म्हणून ते लिहितांनाच नीट लिहावे, एवढेंच आमच्या वाचक भगिनी-बंधूंना आमचें सांगणें आहे.

ताईला दूरध्वनीवर हें कळविलें, तेव्हां ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दिवाळीला येते. या खेपेस आठ दिवस राहीन म्हणतें.”